तिसरा रकाना

(जानेवारी २०२६ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



थोड्याच दिवसांत, १ फेब्रुवारीला, केंद्राचा अर्थसंकल्प येईल. मार्चमध्ये राज्याचा येईल. दोन्ही दिवशी संध्याकाळी टीव्हीवर एकच चर्चा असते, काय स्वस्त झालं आणि काय महाग झालं. आपल्या मोबाइलवर त्याच्या जोडीला आणखी एक फॉरवर्ड येतो : 'मुसलमानांना काय मिळालं?' कुणी म्हणतं सगळं दिलं, कुणी म्हणतं काहीच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत विषय संपलेला असतो.

मी गेली काही वर्षं आमच्या मोहल्ल्यातल्या मदत केंद्रावर बसतो. शिष्यवृत्तीचे, पेन्शनचे, रेशनचे फॉर्म भरून देतो. तिथं बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गरिबाचे पैसे अर्थसंकल्पाच्या दिवशी सहसा कमी होत नाहीत. कुठलाही अर्थमंत्री सभागृहात उभा राहून 'आम्ही विधवांचं मानधन कमी करतो' असं म्हणत नाही. कपात नंतर होते, आवाज न करता होते, आणि ती कुणी केली हे त्या बाईला कधीच कळत नाही. तिला एवढंच कळतं की या महिन्यात मेसेज आला नाही. ती कपात कुठं होते आणि कशी ओळखायची, एवढंच आज मला सांगायचं आहे. आकडे येतील. कंटाळू नका, ते तुमच्याच घरातले आकडे आहेत.

सुरुवात कागदापासून करू. केंद्राच्या अर्थसंकल्पात प्रत्येक मंत्रालयाचा खर्चाचा तक्ता असतो. तो इंटरनेटवर फुकट मिळतो, हिंदीतही मिळतो. त्यात चार रकाने असतात. पहिल्यात दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्ष झालेला खर्च. दुसऱ्यात चालू वर्षासाठी गेल्या फेब्रुवारीत केलेली तरतूद. तिसऱ्यात त्याच वर्षाचा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष निम्म्याहून अधिक संपल्यावर सरकारनं स्वतःच सांगितलेलं की आता एवढाच खर्च होणार. चौथ्यात पुढच्या वर्षाची तरतूद. पेपरात जी बातमी येते ती चौथ्या रकान्याची. आपण वाचायचा तो तिसरा, आणि जमलं तर पहिला.

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ, केंद्राचं अल्पसंख्याक मंत्रालय. २०२२-२३ साठी त्याला सुमारे ५,०२० कोटी रुपये ठेवले होते. त्याच वर्षाचा सुधारित आकडा आला तो साधारण २,६१३ कोटी, म्हणजे जवळपास निम्मा. पुढच्या वर्षी, २०२३-२४ साठी, तरतूद ३,०९७ कोटींची केली. त्या वर्षी फेब्रुवारीत कपातीची बातमी झाली, ओरडही झाली. पण खरं पाहता पैसा आधीच्याच वर्षात थांबला होता, नव्या तरतुदीनं त्यावर शिक्का मारला. २०२४-२५ मध्ये ३,१८३ कोटी ठेवले आणि सुधारित अंदाज आला १,८६८ कोटी. मग २०२५-२६ ला ३,३५० कोटी दिले. त्या दिवशीची बातमी काय होती? 'अल्पसंख्याक मंत्रालयाच्या निधीत वाढ.' बातमी खोटी नव्हती. ३,१८३ पेक्षा ३,३५० जास्तच आहेत.

पण त्या ३,३५० च्या पोटात शिरून पाहा. मुलांच्या हातात जो पैसा जातो, म्हणजे शिष्यवृत्त्या, फेलोशिप, कोचिंग, या शिक्षणाच्या मदतीला २०२४-२५ मध्ये सुमारे १,५७६ कोटी होते. २०२५-२६ मध्ये ते ६७८ कोटी झाले. दहावीपर्यंतच्या, म्हणजे प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीला ३२६ कोटींचे १९६ कोटी झाले. दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीला १,१४५ कोटींवरून ४१४ कोटी. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांसाठी जी मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्ती होती, तिला २०२२-२३ मध्ये ३६५ कोटी होते. २०२५-२६ मध्ये ७ कोटी ३४ लाख. सगळ्या देशासाठी, सहा अल्पसंख्याक समाजांना मिळून.

मग वाढ कुठं झाली? प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रमात. त्याची तरतूद ९११ कोटींवरून १,९१४ कोटींवर गेली. या कार्यक्रमातून शाळेच्या खोल्या, वसतिगृहं, आरोग्य केंद्रं, अशी बांधकामं होतात. ती वाईट नाहीत. मुलींचं वसतिगृह कुणाला नको आहे? पण इमारतीचा पैसा ठेकेदाराकडे जातो आणि शिष्यवृत्तीचा पैसा मुलीच्या बँक खात्यात. दोन्ही एकाच मथळ्याखाली मोजले की वाढ दिसते आणि मुलगी दिसत नाही.

पहिली ते आठवीच्या शिष्यवृत्तीचं काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी घरात पाहिलं असेल. धाकट्या भावाला मिळत होती आणि एका वर्षी बंद झाली. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडला गेला आणि त्याच सुमाराला सुरू झालेल्या योजनांपैकी ही एक. पहिली ते पाचवीच्या मुलाला महिन्याला १०० रुपये, दहा महिने, म्हणजे वर्षाला १,००० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत हवं. हजार रुपयांनी काय होतं, असं विचारणारे लोक मला भेटतात. त्या हजार रुपयांत जूनमध्ये वह्या, दप्तर आणि बूट होतात, आणि त्या वर्षी बापाला दुकानदाराकडे उधारी मागावी लागत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर एक सूचना आली की २०२२-२३ पासून ही शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीसाठी राहील. मुलांनी अर्ज भरून झाले होते. शाळांनी पडताळणी करून ते पुढं पाठवले होते. कारण दिलं शिक्षण हक्क कायद्याचं : आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे, मग शिष्यवृत्ती कशाला? युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. तो २०१० मध्ये लागू झाला. म्हणजे बारा वर्षं कायदा आणि शिष्यवृत्ती सोबत चालले आणि कुणाला त्यात दुबार काही दिसलं नाही. पुढच्या महिन्यात, ८ डिसेंबरला, मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचं लोकसभेत सांगितलं गेलं. तिथंही कारण तेच, दुसऱ्या योजनांशी सारखेपणा होतो. एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना आधार देणारी ही फेलोशिप. परदेशातल्या शिक्षणाच्या कर्जावर व्याजात मदत देणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच वर्षापासून बंद झाली.

शिष्यवृत्तीतल्या घोटाळ्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो विषय निघाला की आपण गप्प बसतो. २०२३ मध्ये मंत्रालयानं १,५७२ संस्था तपासल्या, त्यातल्या ८३० बोगस किंवा बंद निघाल्या. १४४ कोटींहून अधिक रुपयांचं नुकसान झालं आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. हे पैसे गरीब मुलांच्या नावावर उचलले गेले. ज्यांनी उचलले त्यांना तुरुंगात पाठवा, माझी काही हरकत नाही. आणि अशी कागदावरची संस्था आपल्या गावात असेल तर गावातल्या चार लोकांना ती माहीत असते, आपणही मुकाट राहतो, हे मी इथं स्पष्ट बोलतो. पण चोर पकडायचा म्हणून शाळेतल्या मुलाचे वह्यांचे पैसे बंद, हा कुठला न्याय? बँकेत घोटाळा झाला तर सगळ्यांची खाती बंद करत नाहीत.

कपातीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो सगळ्यांत शांत आहे. यात आकडा कमी करावाच लागत नाही. तो आहे तिथंच ठेवायचा.

केंद्र सरकार दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना जे निवृत्तिवेतन देतं त्यातला केंद्राचा वाटा किती आहे, माहीत आहे का कुणाला? ६० ते ७९ वयापर्यंत महिन्याला २०० रुपये. ८० नंतर ५००. १९९५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा ७५ रुपये होते, पुढं २०० झाले, आणि २००७ मध्ये योजनेला आजचं नाव मिळालं तेव्हाही ते २००च होते. आजही २००च आहेत. तुमच्यातले काही जण २००७ मध्ये जन्मले असतील, आता मतदार आहेत. तेवढ्या काळात खासदारांचा पगार कितीदा वाढला ते घरी जाऊन शोधा. २०० रुपयांत आज पाव गॅस सिलिंडर येत नाही. केंद्रातल्या या सगळ्या पेन्शन योजनांची एकत्रित तरतूद २०२४-२५ मध्ये ९,६५२ कोटी होती, २०२५-२६ मध्येही बरोबर ९,६५२ कोटी. याला कुणी कपात म्हणत नाही, कारण कागदावर एक रुपयाही कमी झालेला नाही. महागाईनं मात्र दरवर्षी आपला वाटा काढून घेतला.

या बाबतीत महाराष्ट्रानं काहीतरी केलं, तेही सांगितलं पाहिजे. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेत राज्य आपला पैसा घालतं. ६०० चे १,००० झाले, २०२३ मध्ये १,५०० झाले, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० केले. चांगलं झालं. पण रक्कम वाढली तरी दार किती उंच ठेवलं आहे तेही बघा.

आमच्या केंद्रावर एक खाला येतात. नवरा वारलेला, दोन मुली, घरी पापड लाटतात, लग्नाच्या हंगामात भांडी घासायला जातात. संजय गांधी योजनेचा अर्ज करायचा तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं. खालांचं नाव यादीत नाही. ज्या वर्षी यादी झाली त्या वर्षी त्या भाड्याच्या दुसऱ्या घरात होत्या. राहिला उत्पन्नाचा दाखला. २१,००० रुपये वर्षाला म्हणजे दिवसाला ५८ रुपये, तिघींत. आता हिशेब करा : ५८ रुपयांत तीन माणसं जिवंत राहतात का? म्हणजे जी बाई जिवंत आहे तिनं खरं उत्पन्न लिहिलं तर ती अपात्र, आणि २१,००० लिहिलं तर तिनं खोटं लिहिलं. सगळ्या तालुक्याला हे माहीत आहे. दाखला देणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत आहे. सरकार गरीब बाईला आधी खोटं बोलायला लावतं आणि मग तो कागद आयुष्यभर तिच्या मानेवर ठेवतं. ज्या दिवशी यादी छाटायची असेल त्या दिवशी तो कागद काढला की झालं.

याच्या शेजारी लाडकी बहीण योजना ठेवा. २८ जून २०२४ ला राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. महिन्याला १,५०० रुपये, वय २१ ते ६५, आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. निराधार विधवेला २१ हजार, आणि इथं अडीच लाख. शिवाय एखाद्या बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा अधिक मिळत असतील तर तिला लाडकी बहीण नाही. परिणाम काय? जिच्या घरात नवऱ्याचा पगार येतो तिला १,५०० आणि जिच्या घरात कुणीच नाही तिलाही १,५००. पहिलीला देऊ नका असं मी म्हणत नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे आले की घरात तिचा आवाज थोडा वाढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडे कित्येक बायकांचं पहिलं बँक खातं या योजनेमुळं उघडलं. माझं म्हणणं इतकंच की निराधार बाई त्या शर्यतीत मागं राहिली आणि विधानभवनात फारसं कुणी तिच्याबद्दल बोललं नाही.

आणि लाडक्या बहिणीचंही पुढं काय झालं? योजना आली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक झाली, प्रचारात १,५०० चे २,१०० करण्याचं वचन दिलं गेलं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तरतूद झाली ३६,००० कोटींची. वचन २,१०० चं आणि तरतूद दहा हजार कोटींनी कमी. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं व्हायचं? एकच मार्ग उरतो, माणसं कमी करायची. २०२५ च्या जुलैपर्यंत सव्वीस लाखांहून अधिक लाभार्थ्यांचे पैसे पडताळणीसाठी थांबवल्याचं सांगण्यात आलं. त्यात चौदा हजारांवर पुरुष निघाले. त्यांचे बंद झालेच पाहिजेत! शेतकरी सन्मान योजनांतून महिन्याला १,००० रुपये मिळणाऱ्या सुमारे पावणेआठ लाख महिलांना ५००च दिले जातात. पडताळणीला माझा विरोध नाही. पण निवडणुकीआधी अर्ज घेताना जी घाई होती ती बघा, आणि निवडणुकीनंतर जी बारकाई आली ती बघा.

त्यानंतर आली ई-केवायसी. सप्टेंबर २०२५ पासून. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागत होता. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण हा भाग आपल्या घरांशी जास्त जवळचा आहे.

जिला नवऱ्यानं सोडलं आहे तिनं ओटीपी कुणाकडे मागायचा? नोव्हेंबरमध्ये सरकारनं सवलत दिली : पती किंवा वडील हयात नसतील, किंवा घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. मुदतही ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. विधवांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. पण आपल्या मोहल्ल्यात ज्या बाईला तोंडी तलाक देऊन माहेरी पाठवलं, तिच्याकडे कुठला कागद आहे? ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका दमातला तलाक रद्द ठरवला, २०१९ मध्ये कायदाही आला. म्हणजे कायद्यानं ती अजून त्याची बायको आहे. प्रत्यक्षात त्यानं दुसरं लग्न केलं आहे आणि तो तिचा फोन उचलत नाही. सरकारी भाषेत ती परित्यक्ता. योजनेच्या नियमांत परित्यक्ता हा शब्द आहे, तिच्यासाठी जागाही आहे, फक्त ती जागा गाठायला कागद लागतो. संजय गांधी योजनेतही घटस्फोटित बाईला जागा आहे, तिथंही हेच.

हा कागद सरकार तयार करत नाही, आपण करायचा असतो. निकाह लावताना आपण रजिस्टर ठेवतो, वकील ठेवतो, गवाह ठेवतो. संबंध तुटल्यावर मात्र दोन वाक्यांत प्रकरण संपवतो आणि जमातीचे लोक म्हणतात, आपसांतला मामला आहे. तो आपसांतला राहत नाही. दहा वर्षांनी ती बाई सरकारी खिडकीसमोर उभी राहते आणि तिच्या हातात काहीच नसतं. लग्नाची नोंदणी करा. फारकत झाली तर ती न्यायालयातून करा. धार्मिक वाद बाजूला ठेवा, निदान तिच्या पेन्शनसाठी तरी करा.

नावांचाही एक गोंधळ आहे. हसू नका. रेशनकार्डावर नावामागं 'बी', आधारवर 'बेगम', बँकेत नुसतंच नाव. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात आणि एकाच घरात त्या सगळ्या तऱ्हा सापडतात. पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जातात. कागदावरची नावं जुळली नाहीत की अर्ज अडतो, आणि अडकलेले पैसे सरकारच्या दृष्टीनं वाचलेले पैसे असतात. ते कुठल्या रकान्यात दिसतात, ते आता तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट आपल्याशी थेट संबंधित नाही असं तुम्हाला वाटेल, पण आहे. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३६ कोटी वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. तेव्हा आपल्यातले काही जण म्हणाले, तो त्यांचा प्रश्न आहे. त्या विभागाच्या वसतिगृहात राहणाऱ्या दलित मुलाचा प्रश्न आणि प्री-मॅट्रिक बंद झालेल्या मोमीन मुलाचा प्रश्न वेगळा कसा? अल्पसंख्याक शिष्यवृत्तीतसुद्धा आपण एकटे नव्हतो, बौद्ध, जैन, ख्रिश्चन, शीख, पारशी, सगळे होते. आपण एकटे ओरडलो म्हणून तो 'मुसलमानांचा प्रश्न' झाला, आणि तसा झाला की तो बाजूला टाकणं सोपं जातं.

आता मूळ मुद्दा. यातलं बहुतेक सगळं 'योजना' आहे. योजना म्हणजे शासन निर्णय, जीआर. एका कागदानं येते, एका सूचनेनं जाते. कायदा तसा जात नाही. आणि हे देशाला शिकवलं आपल्या महाराष्ट्रानं, तेही आपल्या जिल्ह्यातून. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा ती कल्पना राज्यभर गेली. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. म्हणजे नुसता हक्क लिहिला नाही, त्याच्या पैशाची सोयही केली. पुढं २००५ मध्ये देशानं तसाच कायदा केला. गेल्या महिन्यात त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला गेला. १२५ दिवसांचं आश्वासन आहे आणि बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा भार. मला तो बदल पटलेला नाही. पण तो करण्यासाठी सरकारला विधेयक आणावं लागलं, संसदेत चर्चा झाली, गोंधळ झाला, देशभर मोर्चे निघाले. शिष्यवृत्ती बंद करायला पोर्टलवर चार ओळी पुरल्या. कायद्यात आणि योजनेत फरक हा एवढा आहे.

म्हणून 'अमुक योजना पुन्हा सुरू करा' एवढीच आपली मागणी नसावी. निराधार, वृद्ध, दिव्यांग यांचं निवृत्तिवेतन कायद्यात यावं, रक्कम महागाईशी जोडावी, आणि २१ हजारांची मर्यादा बदलावी. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. खालांचा का वाढू नये?

पुढच्याच महिन्यात रमजान आहे. आपण जकात देऊ, फित्रा देऊ, किट वाटू. वाटलेच पाहिजेत. पण मला कधी कधी भीती वाटते की किट वाटून आपलं समाधान होतं. 'सरकारकडे कशाला हात पसरायचा, आपण आपलं बघू' हे वाक्य स्वाभिमानाचं वाटतं. खाला काडेपेटी घेतात तेव्हाही कर देतात, साबण घेतात तेव्हाही देतात. आपल्या पैशाचा हिशेब मागणं हे हात पसरणं नव्हे.

आता कामाचं बोलू. १ फेब्रुवारीला संध्याकाळी आपल्यातल्या पाच जणांनी लॅपटॉप घेऊन बसायचं. अल्पसंख्याक, सामाजिक न्याय, ग्रामविकास, या तीन मंत्रालयांचे तक्ते काढायचे. चौथ्याआधी तिसरा रकाना वाचायचा आणि एका पानाचं मराठी टिपण करायचं. मार्चमध्ये राज्याचं करू, ते जरा अवघड आहे, मी बसेन सोबत.

दुसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. प्रश्न साधे विचारायचे : आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी संजय गांधी योजनेचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नामंजूर, कोणत्या कारणानं, आणि किती जणांचे पैसे बंद केले. भाषण लिहायचं नाही, आकडे मागायचे. आणि कुठलाही अर्ज दिला तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोच नसेल तर पुढं अपील करता येत नाही.

तिसरं, ज्यांच्या घरी बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशी जात आहे आणि ओबीसीचा दाखला काढलेला नाही, त्यांनी आता काढायला घ्या. ओबीसी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, त्यांवर तुमचा हक्क आहे. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत गेले त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सगळ्यांत उपयोगी पडतो. पुष्कळ ठिकाणी त्यात जातीच्या जागी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं सापडतं. अशा वेळी हार मानू नका. घराण्यातल्या दुसऱ्या कुणाची नोंद, जुना खरेदीखताचा कागद, काही ना काही मिळतं. आजी हयात असेल तर आजच विचारा, आजोबा कुठल्या शाळेत होते. रविवारी अकरा वाजता केंद्र उघडं असेल. येताना आधार, रेशनकार्ड आणि पासबुक, तिन्हींच्या झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा.